मनगट पुन्हा खाली बसलं: आणखी प्लास्टर की सांधा जोडणं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षांचा, ३२ किलोचा लॅब्रेडॉर उंचावरून उडी मारताना पुढच्या उजव्या पायावर आदळला. एक्स-रेत कुठलंही हाड मोडलेलं दिसलं नाही, म्हणून सहा आठवडे स्प्लिंट, म्हणजे बाहेरून बांधायचा कडक आधार, घातलं. स्प्लिंट काढल्यावर चार दिवसांत मनगट पुन्हा खाली बसलं, आता तर मनगटामागची गादीही जमिनीला टेकते. सर्जननी सांधा कायमचा जोडून टाकायला, म्हणजे हाडं एकमेकांत जुळवून तो ताठ करायला, सांगितलं आहे. एवढं टोकाचं करावं का, की आणखी सहा आठवडे प्लास्टर ठेवून बघावं? मागच्या पायाच्या घोट्याला अशी इजा झाली तर तिथेही हेच करतात का?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: आणखी प्लास्टर घालून काही हाती लागणार नाही. तुमच्याकडून देखभालीत काही राहून गेलं असंही समजू नका. फाटलेली वस्तूच अशी आहे की ती प्लास्टरमध्ये पुरेशी भरत नाही. मात्र शस्त्रक्रियेआधी एक तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. तिच्याबद्दल पुढे सांगतो, कारण कोणती शस्त्रक्रिया करायची हे तिच्यावरच ठरतं.

कुत्र्याचं मनगट म्हणजे एक सांधा नव्हे, एकावर एक तीन मजले आहेत. वरचा मजला रेडियस-अल्ना (कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं) आणि मनगटाच्या हाडांची पहिली रांग यांच्यामध्ये, मधला मजला हाडांच्या दोन रांगांमध्ये, आणि खालचा मजला दुसरी रांग आणि पंजाची लांब हाडं, म्हणजे मेटाकार्पल, यांच्यामध्ये. पाय दुमडताना जी हालचाल दिसते तिचा बहुतेक भाग वरच्या मजल्यावर होतो. मधला थोडा हलतो आणि खालचा जवळजवळ हलतच नाही. गंमत अशी की उडीच्या इजेत फाटतात ते बहुधा खालचे दोन मजले. तिथे हालचालीला फारसा वाव नसतो, त्यामुळे सगळा ताण अस्थिबंधांवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांवर, येतो.

निरोगी कुत्रा उभा असतो तेव्हाही मनगट अगदी सरळ रेषेत नसतं, ते साधारण १० ते १२ अंश पुढे झुकलेलं असतं. म्हणजे तळव्याकडची बाजू कायम ताणाखाली. तो ताण पेलतात तिथले आखूड अस्थिबंध आणि तंतुमय कूर्चेची (हाडाहून मऊ, चिवट ऊतकाची) एक जाड पट्टी, जी मनगटाच्या हाडांना आणि मेटाकार्पलच्या वरच्या टोकांना मागून घट्ट बांधून ठेवते. मनगटामागे जो उंचवटा हाताला लागतो ते अॅक्सेसरी कार्पल हाड. त्याचे अस्थिबंध खाली चौथ्या-पाचव्या मेटाकार्पलकडे जातात आणि याच कामात हातभार लावतात. पंजा वळवणारे स्नायू इथे दुय्यम आहेत. म्हणून व्यायामानं किंवा फिजिओथेरपीनं स्नायू बळकट करून ही उणीव भरून निघत नाही.

आता भाराचा हिशेब बघा. नुसता उभा असताना कुत्रा सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर टाकतो. ३२ किलोच्या कुत्र्यात हे एका पायावर साडेनऊ-दहा किलो झालं. दुडक्या चालीत तर पुढच्या एकाच पायावर क्षणभर जवळपास सगळ्या शरीराएवढा भार येतो. स्प्लिंटमध्ये सहा आठवड्यांत तिथे व्रणाची ऊतक तयार होते, नाही असं नाही. पण ती पातळ, सैल आणि मूळ पट्टीपेक्षा लांब असते. स्प्लिंट काढल्यावर प्रत्येक पावलागणिक ती ताणली जाते आणि काही दिवसांत मनगट पुन्हा पहिल्या जागी येतं. तुमच्याकडे चार दिवस लागले, इतरांकडे दोन-तीन आठवडे लागतात. शेवट तोच.

राहिली असण्याची शक्यता असलेली तपासणी

झोपवून काढलेल्या साध्या एक्स-रेत या इजेचं बहुधा फारसं काही दिसत नाही, कारण पायावर भार नसला की हाडं आपापल्या जागी बसतात. त्यामुळे ‘हाड मोडलेलं नाही’ हा निष्कर्ष खरा असला तरी अपुरा आहे. ताण देऊन काढलेला एक्स-रे हवा. गुंगी देऊन कुत्र्याला कुशीवर झोपवायचं, कोपराखालचा भाग स्थिर ठेवायचा आणि पंज्याला पट्टा बांधून तो पुढच्या, म्हणजे वरच्या बाजूला ओढून धरायचा. पट्टा अशासाठी की कुणाचा हात किरणांच्या वाटेत येऊ नये. बाजूनं घेतलेल्या त्या चित्रात मनगट नेमकं कुठून मोडल्यासारखं वाकतं ते बघायचं: रेडियसच्या टोकाशी, दोन रांगांच्या मध्ये, की मेटाकार्पलच्या मुळाशी. दुसऱ्या पायाचाही तसाच एक्स-रे घ्यायचा, कारण जातीनुसार आणि वयानुसार थोडा सैलपणा नैसर्गिक असतो. त्याच गुंगीत समोरून, पंजा एकदा आत आणि एकदा बाहेर ढकलून आणखी दोन चित्रं घेतली की बाजूचे अस्थिबंधही तपासून होतात. तळव्याकडे हाडाचे बारीक टवके दिसले तर ते अस्थिबंधानं उपटून आणलेले असतात. त्यांचा संशय असेल तर तिरके एक्स-रे किंवा सीटी स्कॅन उपयोगी पडतो.

ही तपासणी गुंगीशिवाय करू नये. जागा कुत्रा पाय आखडून धरतो आणि सांधा उघडतच नाही, मग ‘सगळं ठीक आहे’ असा खोटा दिलासा मिळतो.

तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत अपघात स्पष्ट आहे. पण अपघात झालेला नसताना मनगट हळूहळू खाली बसत गेलं असेल, आणि त्यातही दोन्ही पायांचं, तर प्लेट-स्क्रूचा विचार बाजूला ठेवून आधी सांध्यातलं पाणी तपासायला हवं. रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा अनेक सांध्यांचा दाह नेमका असाच दिसतो. दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असलेल्या किंवा कुशिंग आजार (शरीरातच जास्त स्टिरॉइड तयार होणं) असलेल्या कुत्र्यातही अस्थिबंध कमजोर होतात. कॉली आणि शेटलंड शीपडॉगमध्ये विशेष इजा नसतानाही ते झिजत जातात. आणि दोन-चार महिन्यांच्या पिल्लाचं मनगट लेचंपेचं वाटत असेल तर तिथे प्लास्टर मुळीच घालू नका. तो वाढीच्या वयातला सैलपणा असतो. समतोल खाद्य, न घसरणारी जमीन आणि बेताचं हिंडणं-फिरणं एवढ्यावर तो बहुधा काही आठवड्यांत जातो. प्लास्टरनं स्नायू आणखी सैल पडतात आणि पिल्लू आधीपेक्षा वाईट अवस्थेत बाहेर येतं.

सांधा जोडायचा म्हणजे किती जोडायचा

ताणाच्या एक्स-रेत वरचा मजला शाबूत आणि बिघाड फक्त मधल्या किंवा खालच्या मजल्यावर असेल तर तेवढेच दोन जोडता येतात. मनगट पुष्कळसं वाकतं राहतं, कारण मुळात वाकणारा मजला वरचाच. यासाठी छोटी टी आकाराची प्लेट किंवा मेटाकार्पलमधून वर मनगटाच्या हाडांत घातलेल्या पिना वापरतात. टी प्लेटमधली नेहमीची अडचण म्हणजे तिची वरची कड रेडियसला टेकून घासू शकते. ती पुरेशी खाली बसवली नाही तर जो सांधा वाचवायचा होता तोच खराब होतो.

वरच्या मजल्याबद्दल थोडाही संशय असेल तर तिन्ही मजले एकदम जोडणं मला जास्त पटतं. वाचवलेल्या सांध्यात आधीच इजा असेल तर वर्षभरात तिथे संधिवात येतो आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. ३२ किलोच्या चपळ कुत्र्यात हा धोका पत्करण्यासारखा नाही.

तिन्ही मजले जोडताना पुढच्या बाजूनं चीर घेतात. प्रत्येक सांध्यातली कूर्चा ड्रिलच्या बारीक बरनं (फिरून खरवडणाऱ्या टोकानं) किंवा क्युरेटनं (धारदार चमच्यासारख्या हत्यारानं) खालचं रक्ताळ हाड दिसेपर्यंत खरवडतात. बर चालू असताना सलाइनची धार सुरू ठेवावी लागते, नाहीतर हाड भाजतं आणि भाजलेलं हाड जुळत नाही. मग दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकातून काढलेलं स्पंजासारखं हाड त्या फटींमध्ये भरतात. त्यानंतर प्लेट: रेडियसवर तीन-चार स्क्रू, पहिल्या रांगेतल्या मोठ्या हाडात एक आणि तिसऱ्या मेटाकार्पलमध्ये तीन-चार. लॅब्रेडॉरएवढ्या कुत्र्यासाठी बहुधा संकरित प्लेट घेतात, तिच्या वरच्या भागात ३.५ मिमीचे आणि खालच्या निमुळत्या भागात २.७ मिमीचे स्क्रू बसतात. कारण मेटाकार्पल अरुंद आहे. स्क्रू त्या हाडाच्या रुंदीच्या ४० टक्क्यांपेक्षा जाड असला तर भोकाशीच हाड मोडतं. प्लेटनं मेटाकार्पलची किमान अर्धी लांबी व्यापायला हवी. ती आखूड राहिली तर सगळा भार तिच्या टोकाशी एकवटतो आणि महिना-दीड महिन्यानं नेमकं तिथेच हाड मोडून कुत्रा लंगडत परत येतो. जोड सुमारे १० अंश पुढे झुकलेला ठेवतात आणि पंजा आत-बाहेर फिरलेला नाही हे दुसऱ्या पायाशी ताडून बघतात.

यात एक गैरसोय अंगभूत आहे. ताण तळव्याच्या बाजूला असतो आणि प्लेट बसते पुढच्या बाजूला, म्हणजे यांत्रिकदृष्ट्या चुकीच्या बाजूला. तळव्याकडून जाणं शक्य आहे, पण तिथे रक्तवाहिन्या, नसा आणि कंडरांची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांची) दाटी असते, म्हणून बहुतेक सर्जन पुढूनच जातात आणि हाड जुळेपर्यंत बाहेरून स्प्लिंटचा आधार देतात. शस्त्रक्रियेनंतरही सहा ते आठ आठवडे स्प्लिंट सांगितलं तर ‘मग प्लेट कशाला घातली?’ असं वाटू देऊ नका. ते स्प्लिंट प्लेटला वाचवण्यासाठी असतं.

जोड न जुळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे राहून गेलेली कूर्चा, आणि तीही खालच्या मजल्यावरची. तो सांधा अरुंद असतो, बर आत नीट जात नाही आणि घाईत वरवर खरवडला जातो. सहाव्या-आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत बाकी सगळीकडे हाड धरलेलं आणि तिथे मात्र काळी रेघ दिसते.

जुळून आल्यावर काय? कुत्रा चालतो, पळतो, बहुतेक वेळा लंगडत नाही. मनगट वाकत नाही एवढंच, आणि तेवढ्यावर कुत्रे आश्चर्यकारक रीतीनं भागवून घेतात. खणणं आणि उंच उड्या कमी होतात. थंडीत प्लेटजवळ दुखलं, स्क्रू सैल झाला किंवा संसर्ग झाला तर हाड जुळल्यावर प्लेट काढून टाकता येते.

स्प्लिंट आणि पट्टी

शस्त्रक्रिया उत्तम होते आणि पाय बिघडतो तो पट्टीमुळे, असं वारंवार घडतं. म्हणून हे नीट वाचा. पट्टीतून मधल्या दोन बोटांची टोकं नखांसकट बाहेर दिसली पाहिजेत. पहिले दोन दिवस दर चार-सहा तासांनी बघा. दोन नखांमधलं अंतर वाढत असेल, बोटं गार पडली असतील किंवा सुजली असतील तर पट्टी त्याच दिवशी सोडायची, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. कापसाचा थर खळग्यांमध्ये भरायचा. हाडाच्या उंचवट्यावर जास्त कापूस ठेवला तर दाब उलट तिथेच वाढतो. मनगटामागची गादी, मनगटाची आतली कड, कोपराचं टोक, आणि मागच्या पायात टाचेचं टोक व घोट्याच्या दोन्ही बाजू, ही फोडांची जागा. तिथे मधे भोक असलेली, चकतीसारखी गादी वापरा.

आठवड्यातून किमान एकदा पट्टी उघडून कातडी बघायची. पट्टी भिजली तर तासाभरात बदलायची. बाहेर नेताना पिशवी बांधा आणि आत आल्यावर काढा, कारण तासन्‌तास बांधलेल्या पिशवीत घामानंच पट्टी भिजते. कुत्रा अचानक पट्टी चावू लागला तर तो खोड्या करतो असं समजू नका, आत काहीतरी दुखतंय. वास आला तर तो चांगल्या पट्टीचा वास नसतो.

मनगटाच्या बाजूच्या अस्थिबंधांचं गणित मात्र वेगळं. कुत्र्याचा पंजा नैसर्गिकरीत्या थोडा बाहेर वळलेला असतो, त्यामुळे आतल्या बाजूचा अस्थिबंध जास्त फाटतो. तो अर्धवट फाटला असेल तर चार ते सहा आठवडे स्प्लिंट हा योग्य उपचार आहे, कारण तिथे शरीराचा सगळा भार थेट येत नाही. पूर्ण तुटला असेल तर टाके घालून वर हाडात बसवलेल्या अँकरना (धागा अडकवायच्या छोट्या खुंट्यांना) जाड नायलॉनचा किंवा तशा धाग्याचा आधार देतात. सगळ्याच मनगटांना प्लास्टर निरुपयोगी, असा अर्थ माझ्या उत्तरातून काढू नका.

मागच्या पायाचा घोटा

तत्त्व तेच: फाटलेला भाग भाराच्या बाजूला आहे का? घोट्यात हे फार स्पष्ट दिसतं. घोट्याच्या खालच्या सांध्यांमध्ये तळव्याकडचा अस्थिबंध तुटला तर प्रत्येक पावलाला फट उघडते, म्हणून तेवढा सांधा जोडावा लागतो. तेच सांधे पुढच्या बाजूनं उघडत असतील आणि तळव्याकडचा अस्थिबंध शाबूत असेल तर कुत्रा उभा राहिला की फट आपोआप मिटते. तिथे स्प्लिंटवर पुष्कळदा भागतं.

तळव्याकडची इजा टाचेच्या हाडाखाली, चौथ्या टार्सल (घोट्याच्या खालच्या रांगेतल्या) हाडाशी, होणं नेहमीचं आहे. मध्यमवयीन, लठ्ठ शेटलंड शीपडॉग आणि कॉली यांत ती मामुली उडीतही होते, कारण अस्थिबंध आधीच झिजलेला असतो. इथे फक्त टाचेचं हाड आणि चौथं टार्सल यांचा सांधा जोडतात: बाहेरच्या बाजूनं प्लेट लावून, किंवा टाचेतून खाली जाड पिन घालून मागून आठाच्या आकड्यात तार ताणून. पिन बारीक घेतली तर वाकते किंवा वर सरकून टाचेच्या कातडीखाली टोचते. घोट्याची खरी हालचाल वरच्या, टिबिया (नडगीचं हाड) आणि टेलस (त्याखालचं घोट्याचं हाड) यांच्या सांध्यात होते, त्यामुळे हा खालचा सांधा जोडल्यानं चालण्यात फरक जाणवत नाही.

हे आणि टाचेची कंडरा तुटणं, या दोन गोष्टींची गल्लत होते, कारण दोन्हीत टाच खाली येते. गुडघा सरळ धरून घोटा दुमडून बघा. कंडरा तुटली असेल तर घोटाच दुमडतो. अस्थिबंध तुटला असेल तर टाचेचं हाड जागच्या जागी राहतं आणि वाक त्याच्या खाली दिसतो. मांजरात काहीही न तुटता दोन्ही टाचा टेकल्या तर आधी रक्तातली साखर तपासा, मधुमेहात नसा कमजोर होऊनही असं होतं.

वरच्या सांध्याच्या बाजूंना प्रत्येकी लांब आणि आखूड असे दोन भागांचे अस्थिबंध असतात. लांब भाग पाय सरळ असताना ताणला जातो, आखूड भाग दुमडलेला असताना. म्हणून सांधा दोन्ही स्थितींत आत-बाहेर ढकलून तपासायचा. फक्त सरळ पायात तपासलं तर आखूड भागाची इजा हातून सुटते. दुरुस्ती करतानाही दोन्ही भागांसाठी वेगवेगळा धागा लागतो. एकाच धाग्यात दोन्ही कामं उरकली तर एका स्थितीत तो सैल पडतो आणि दुसऱ्या स्थितीत तुटतो.

गाडीखाली फरफटलेल्या कुत्र्याची घोट्याची आतली बाजू कातडी, अस्थिबंध आणि हाडाच्या उंचवट्यासकट खरवडून निघते. बघायला भयानक असतं. तरी सांधा जोडण्याची किंवा पाय कापण्याची घाई करू नये. भरपूर सलाइननं धुणं, मेलेली ऊतक टप्प्याटप्प्यानं काढणं आणि घोट्याच्या वर-खाली पिना घालून बाहेरची फ्रेम लावणं, असं केलं की सांधा स्थिर राहतो आणि जखम रोज हाताळता येते. फ्रेम सहा ते आठ आठवडे राहते. त्या काळात तयार होणारा जाड व्रण बऱ्याच कुत्र्यांत अस्थिबंधाचं काम पुरेसं करतो.

वरचा घोटा जोडणं हा मात्र शेवटचा उपाय. मनगटाइतकं ते सहज पचत नाही. कोन दुसऱ्या पायाशी जुळवून ठरवतात, कुत्र्यात साधारण १३५ ते १४५ अंश आणि मांजरात त्याहून जास्त दुमडलेला, ११५ ते १२५. आतल्या बाजूनं प्लेट लावताना पायाच्या धमनीला धक्का बसला तर तळव्याची कातडी काळी पडून गळू शकते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात पंज्याचा रंग आणि ऊब रोज बघावी लागते.

औषधांबद्दल एवढंच. मेलॉक्सिकॅम कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिग्रॅ आणि नंतर दिवसाला ०.१, मूत्रपिंड आणि यकृत ठीक असल्याची खात्री करून आणि अन्नासोबत. स्टिरॉइडबरोबर कधीही नाही. माणसांचं आयबुप्रोफेन देऊ नका, मांजराला पॅरासिटॅमॉल तर मुळीच नाही.

तुमच्या लॅब्रेडॉरला शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत हलकं स्प्लिंट ठेवा, बरं होण्यासाठी नव्हे, तर मनगटामागची कातडी घासून जखम होऊ नये म्हणून. उघडी जखम असली की प्लेट घालता येत नाही आणि तारीख पुढे जाते. जिने बंद, सोफा बंद, बाहेर नेताना पट्ट्यावर पाच मिनिटं. तो जाड असेल तर खाणं आजपासूनच कमी करा, कारण प्लेटवर येणारा प्रत्येक किलो पुढचे तीन महिने मोजला जाणार आहे.